गंगरेलपर्यंत, टेम्पोत न बसता

रायपूरला समुद्र नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण रत्नागिरीच्या माझ्या साडूला मी फोनवर "आम्ही सायकलनं समुद्रावर जाऊन आलो" असं सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की मला पुढचं काही सांगताच आलं नाही. खरा समुद्र आमच्यापासून रात्रभराच्या रेल्वेवर, पुरीला. पण धमतरीच्या पुढे महानदीवर गंगरेलचं धरण आहे. काठावर उभं राहिलं की समोरचे डोंगर धुरकट होऊन जातात, वाऱ्यानं पाण्याला लाटा येतात, आणि पर्यटकांसाठी एका बाजूला वाळूचा किनाराही केलेला आहे. आम्हा रायपूरकरांना तेवढा समुद्र पुरतो.

मी सिंचन खात्यातला कारकून. गंगरेलच्या पाण्याच्या फायली बावीस वर्षं इकडून तिकडे केल्या, पण ते पाणी पाहिलं ते तीन-चार वेळा, तेही जीपमधून. सायकलनं जायचं आमच्या मंडळीचं दोन वर्षांपासून चाललं होतं. मंडळी म्हणजे तात्यापारा मोहल्ल्यातली आणि आसपासची आठ डोकी, बहुतेक मराठी. म्होरके पुराणिक काका, वय त्रेसष्ट. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. माझे वडील रेल्वेत बदली होऊन मूर्तिजापूरहून आले, म्हणून काका मला पन्नास वर्षांनंतरही "नवे आलेले वानखडे" म्हणतात.

जाऊन-येऊन एकशे ऐंशी किलोमीटर, एका दिवसात. मागून संतरामचा टेम्पो. थकलेल्यानं त्यात बसायचं आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना घरी बोलावून पोहे-जलेबी खाऊ घालायची, एवढाच आमचा कायदा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं काका म्हणतात, आणि मग वर्षभर त्या माणसाला "टेम्पोवाले" म्हणून हाक मारतात.

या वेळी माझ्यासोबत माझी मुलगी रेवा होती, आणि तिचं यायचं कारण वेगळं होतं.

रेवा सतरा वर्षांची, बारावीत. तिला मासे शिकायचे आहेत. खायचे नव्हे, शिकायचे. त्याची चार वर्षांची डिग्री असते. तशी सोय छत्तीसगडातही आहे, पण हिला पाहिजे दक्षिणेतलं समुद्रकाठचं कॉलेज, दोन दिवसांच्या रेल्वेवर. फॉर्मवर पालकाची सही लागते. तो फॉर्म पंधरा दिवस आमच्या फ्रिजवर पडून होता. सुनीता, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या की जी पोट्टी सदर बाजारात स्कूटी लावायलासुद्धा आईला सोबत नेते, ती तिकडं एकटी काय राहणार. रेवा हिंदीत भांडत होती. घरात ती मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते, तशी आमच्याकडची सगळीच पोरं. भांडण वाढायला लागलं तसं मी मध्ये पडून, फार हुशारी केल्यासारखं म्हणालो, "असं कर. आमच्यासंगं गंगरेलले जाऊन ये. एकदाही टेम्पोत नाही बसली, तर सही करतो. बसली, तर इथंच शिकायचं."

ती लगेच हो म्हणाली. मला वाटलं होतं ती चिडेल. खरं सांगायचं तर मला खात्री होती की कुरुदच्या पुढं ती काही जात नाही. मला ती जायला नको होती. आता लपवून काय करायचं.

पहाटे, तात्यापारा

चार वाजता निघालो तेव्हा चंद्र अजून डोक्यावरून पुरता उतरला नव्हता. काकांनी मुद्दाम पौर्णिमेचा दिवस काढला होता, पहाटे उजेड मिळावा म्हणून. थंडी अशी की हातमोज्यांतून बोटं दुखत होती. पचपेडी नाक्याच्या पुढं शहर मागं पडलं, आणि त्या मोकळ्या रस्त्यावर नऊ सायकलींचे लाल दिवे एका ओळीत लुकलुकायला लागले तेव्हा मला पोटातून इतका आनंद झाला की मी उगाचच घंटी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. पन्नाशीच्या माणसांनी पहाटे साडेचारला हायवेवर घंट्या वाजवत जाणं हे शहाणपणाचं लक्षण नाही, पण ते एकदा करून पाहावं.

रेवा माझ्या पुढं होती. तिची सायकल गिअरची, पण मागं मी लावून दिलेलं कॅरिअर. बाकीच्यांच्या सायकलींना कॅरिअर नाही, ते जुनाट दिसतं म्हणे.

अभनपूरला उजाडलं. तिथं गरम आलुगुंडे खाल्ले. आपल्याकडं ज्याला बटाटावडा म्हणतात तोच, पण आकारानं मोठा आणि सोबत टमाट्याची पातळ चटणी. माझे वडील शेवटपर्यंत त्याला वडाच म्हणत. रेवानं तीन खाल्ले आणि चौथा रुमालात बांधला. तिला विचारलं, तुले जमते का, तर ती म्हणाली, "बाबा, अभी तो शुरू हुआ है." तिचा चेहरा थंडीनं लाल झाला होता आणि ती खूश दिसत होती.

कुरुदच्या अलीकडे

इथं आमचा घोटाळा झाला. काकांनी महिनाभर आधी रस्ता, वारा, चंद्र, सगळं पाहून ठेवलं होतं. फक्त पौषातली पौर्णिमा म्हणजे छत्तीसगडात छेरछेरा, हे दोन-अडीचशे वर्षं इथं राहिलेल्या घराण्याच्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

छेरछेरा म्हणजे नवं धान घरात आल्याचा सण. पोरं-बाया-बाप्ये टोळ्या करून दारोदार जातात, "छेरछेरा" म्हणून हाक देतात, आणि प्रत्येक घर त्यांच्या झोळीत ओंजळ-ओंजळ धान टाकतं. श्रीमंतही मागतो, गरीबही देतो. आमच्या विदर्भात भुलाबाईला पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि खाऊ घेतात, त्याची मला आठवण झाली. पण तिथं खाऊ काय असेल ते ओळखायचं असतं. इथं ओळखायचं काही नाही, सगळीकडं धानच.

हायवे सोडून आम्ही गावातला रस्ता धरला होता, ट्रक टाळायला. पहिल्याच गावात पंधरा-वीस पोरींनी रस्त्यात बांबू आडवा धरला. आमच्याकडं धान कुठलं? काकांनी संक्रांतीसाठी केलेले तिळाचे लाडू काढले. पोरींनी लाडू घेतले, खाल्ले, आणि बांबू तसाच धरून ठेवला. त्यातली एक मोठ्या माणसासारखी कमरेवर हात ठेवून म्हणाली, धान नाही तर आजच्या दिवशी घराबाहेर निघालात कशाला. काकांनी उरलेले लाडूही देऊन टाकले, तेव्हा बांबू उचलला. दुसऱ्या गावात चिक्की संपली, तिसऱ्यात केळी. वेळ चालला होता.

चौथ्या गावात पाणी संपलं. टेम्पो हायवेनं गेलेला. एका लिंपलेल्या घरासमोर आम्ही नऊही जण उतरलो आणि रेवानं दारात जाऊन हाक दिली. आतून एक म्हातारी आली. तिनं दारात उभी असलेली टोळी पाहिली, तशीच आत गेली, आणि पाण्याऐवजी सुपात धान घेऊन बाहेर आली.

आम्ही हात जोडून सांगायला लागलो की आम्ही मागायला नाही आलो, पाणी पाहिजे. म्हातारी ऐकायलाच तयार नाही. रेवाकडं पाहून म्हणाली, "छेरछेरा के दिन दुआरी ले कोनो ला जुच्छा नइ पठोवन, नोनी." आजच्या दिवशी दारातून कोणालाही रिकामं पाठवत नाही, पोरी. रेवानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि उलटं करून पुढं धरलं. म्हातारीनं ते काठोकाठ भरलं. मग पाणी दिलं, मग गूळ दिला, आणि कुठं चाललात म्हणून विचारलं. रेवा छत्तीसगडीत म्हणाली, पाणी बघायला. म्हातारीला वाटलं पोरगी थट्टा करते आहे, आणि ती तोंडावर पदर घेऊन हसली.

रेवानं ते धान विंडचीटरमध्ये ओतलं, बाह्यांनी गाठ मारली, आणि गाठोडं कॅरिअरच्या एका बाजूला बांधलं. कुरुदला टेम्पो भेटला तेव्हा संतरामनं गाठोडं घ्यायला हात पुढं केला. रेवा म्हणाली, मला मिळालं आहे, मीच नेणार. काका म्हणाले, अगं, तू बसू नको, धान तरी बसू दे. तिनं मान हलवली. टेम्पोत तिचं काहीच जाणार नव्हतं, एक दाणासुद्धा. मी मनात म्हटलं, ही आपल्या आजोबावर गेली आहे, आणि थोडा घाबरलो.

गंगरेल

धमतरीत चटणीबरोबर वाफाळलेला फरा खाल्ला. तांदळाच्या पिठाची लांबट मुटकुळी असतात ती. धमतरीच्या पुढं रस्ता झाडांतून चढायला लागतो. शेवटचा चढ मी उतरून ढकलत चढलो, काकाही. रेवा गिअर टाकून, डावी-उजवी होत, बसूनच चढली. वर पोचल्यावर तिची ओरड ऐकू आली. मी धापा टाकत पोचलो तर समोर पाणी.

जीपमधून पाहिलेलं पाणी वेगळं आणि नव्वद किलोमीटर पायांनी आणलेलं पाणी वेगळं. निळं, सगळीकडं पसरलेलं, उन्हात चमचमणारं. आम्ही नऊजण बूट काढून वाळूत पळालो. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि लाटेला लाथ मारली. ज्या पाण्याचे आकडे मी बावीस वर्षं लिहिले ते माझ्या पोटऱ्यांना लागत होतं आणि बर्फासारखं गार होतं. मी मोठ्यानं हसत होतो. का, ते विचारू नका.

जेवायला भात, डाळ आणि धरणातला तळलेला मासा. हॉटेलवाला रोहू म्हणाला. रेवानं काटा उलटून पाहिला आणि म्हणाली, रोहू नाही, कतला आहे, डोकं बघा. हॉटेलवाल्यानं आत जाऊन विचारलं आणि परत येऊन मान डोलावली.

जेवणानंतर ती दिसेना. खाली काठावर केवटांच्या, म्हणजे इथल्या कोळ्यांच्या, दोन होड्या लागल्या होत्या, तिथं ती जाळ्यावर उकिडवी बसली होती. एक पिकल्या मिशीचा केवट आणि ही, दोघं छत्तीसगडीत बोलत होते: जाळ्याची भोकं केवढी, पावसाळ्यात मासा वर का चढतो, कोणता आता मिळत नाही. मी पाठीमागं उभा राहिलो. इतकी छत्तीसगडी तिला येते हेही मला माहीत नव्हतं. ती प्रश्न विचारत होती आणि तो म्हातारा उत्तर द्यायच्या आधी विचार करत होता, जसं आपण बरोबरीच्या माणसाला उत्तर देतो. मला पाहून तो म्हणाला, "नोनी ह सब जानथे." मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी ती दोन दिवसांची रेल्वे आठवली.

वर आलो तर कठड्याला टेकवलेली तिची सायकल आडवी पडली होती. धानाचं गाठोडं एका बाजूला, तोल गेला असणार. मी ती उचलली, धूळ पुसली, घंटी वाजते का पाहिलं. बाकी काही पाहिलं नाही.

परत

परतीला वारा समोरून. जानेवारीतलं उत्तरेचं वारं, जोराचं नाही पण थांबतच नाही. सकाळचा सगळा उत्साह धमतरीतच संपला. कुरुदला दोघेजण टेम्पोत बसले आणि आम्ही सात उरलो. रेवाचे पाय दुखत होते. दर थांब्याला ती मांड्या चोळायची आणि सगळ्यांच्या आधी सायकलवर बसायची.

मी तिच्या मागं होतो आणि तिची पाठ पाहत होतो. दर चढाला मला वाटायचं, आता उतरेल. ती उतरली नाही की मला हायसं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, अरे, मग ही जाणार. एकाच माणसाला ही दोन्ही वाटणं कसं शक्य आहे ते मला माहीत नाही, पण अभनपूरपर्यंत चाळीस-पन्नास किलोमीटर मला तेच वाटत होतं.

अभनपूर मागं टाकलं तेव्हा सूर्य शेतांवर टेकला होता. रायपूर वीसेक किलोमीटर राहिलं. काका म्हणाले, झालंच आता. आणि एका साध्या गतिरोधकावर रेवाच्या सायकलीचा मागून कडकन आवाज आला.

चेन चाकात गुंतली होती. मागचा गिअर ज्या छोट्या धातूच्या तुकड्यावर लटकतो तो तुकडा मोडला होता. काकांनी बॅटरी धरून पाहिलं आणि म्हणाले, हा आधीच वाकलेला होता, कुठं पडली होती का सायकल? मी म्हणालो, गंगरेलला. काकांनी माझ्याकडं पाहिलं. तो तुकडा आमच्याकडं कोणाकडेच नव्हता. पंक्चर आम्ही पाच मिनिटांत काढतो, हे आमच्या हातचं नव्हतं. "आज ही चालत नाही," ते म्हणाले.

टेम्पो मागं येऊन उभा राहिला. माझी सायकल धडधाकट होती. मी हँडल धरून उभा होतो. माझ्या मनात आलं ते लिहितो: कोणाचा दोष नाही, पोरीनं पूर्ण जीव लावला, मी दिलेला शब्दही मोडला नाही, आणि ती घरीच राहणार. सगळं आपोआप सुटत होतं. मला फक्त गप्प राहायचं होतं.

रेवा रडली नाही. तिनं सायकलीवरून हात काढला. मग कॅरिअरवरची गाठ सोडली, धानाचं गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, टेम्पोच्या मागं गेली आणि ते आत ठेवलं. नीट, सांडणार नाही असं, एका कोपऱ्यात. मग स्वतः चढायला पाय उचलला.

ते मला पाहवलं नाही.

"रेवा, थांब," मी म्हणालो. "इकडं ये. सीट खाली कर." आणि माझी सायकल तिच्यापुढं धरली.

तिनं उचललेला पाय खाली घेतला. मग म्हणाली, "बाबा, फिर आपका पूरा नहीं होगा."

"माझं काय," मी म्हणालो, "मले कुठं जायचं हाय?"

ती काकांकडं पाहायला लागली. काका खाकरले आणि म्हणाले, ठरलं होतं ते टेम्पोत बसायचं नाही एवढंच. सायकल कोणाची, हे कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांनीच वाकून सीट दोन बोटं खाली केली. रेवा बसली, एक पाय टेकवून पाहिला, दुसरा पॅडलवर ठेवला. माझ्याकडं पाहून हसली. मग सगळे निघाले.

मी संतरामच्या शेजारी बसलो. मागं मोडकी सायकल, धान आणि पेंगणारे दोन टेम्पोवाले. आता तिसरा मी. समोरच्या काचेतून सहा लाल दिवे दिसत होते, आणि रेवाचा पुढून दुसरा होता. माझ्या सायकलवर ती माझ्यापेक्षा चांगली बसते हे मला त्या दिवशी कळलं. माना आलं, मग दुकानांचे उजेड यायला लागले, आणि मी सीटच्या काठावर पुढं वाकून बसलो होतो, क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरला बसतो तसा. संतरामनं विचारलं, गाडी पुढं काढू का, भैया. मी म्हणालो, नको, तिच्या मागंच ठेव, तिच्या रस्त्यावर उजेड पडू दे.

पचपेडी नाक्याजवळ सुनीताचा फोन आला. तिनं कसे आहात, कुठं आहात, जेवलात का, काही विचारलं नाही. एकदम म्हणाली, "बसली का पोट्टी टेम्पोत?"

"नाही," मी म्हणालो. "मी बसलो."

तिकडून फ्रिजवरचे कागद सरकवल्याचा आवाज आला.

"पेन कोणता पाहिजे," सुनीता म्हणाली, "निळा का काळा?"